उसन्या डोळ्यांपासून स्वतःच्या वाचनापर्यंत

‘वाचन’ हा शब्द आपण डोळ्यांशी इतका घट्ट बांधून टाकला आहे की, डोळ्यांवाचून वाचन ही कल्पनाच आपणांस विसंगत वाटते. परंतु शब्दाच्या मुळाशी गेल्यास निराळाच अर्थ हाती येतो. वाच् म्हणजे वाणी, आणि वाणीपासून वाचन. चातुर्मासात एकाने ‘पांडवप्रताप’ मोठ्याने म्हणावा, ओसरीवरील दहा जणांनी तो ऐकावा, आणि समाप्तीच्या दिवशी त्या सर्वांनी ‘आमचा पांडवप्रताप वाचून झाला’ असे म्हणावे, ही आपल्या घराघरांतील रीत होती. त्या दहा जणांपैकी एखादा अंध असला, तर त्याच्या वाचनात काही उणे पडत नसे. उणे पडू लागले ते ग्रंथ छापले गेल्यानंतर, शाळा आणि कचेऱ्या छापील कागदावर चालू लागल्यानंतर. ज्याला कागद दिसत नाही, तो ज्ञानाच्या आणि उपजीविकेच्याही बाहेर राहू लागला.

आज दिल्ली, मुंबई, पुणे इत्यादी शहरांत काही संस्था, पुष्कळदा स्वयंसेवकांच्या बळावर, दृष्टिहीनांच्या हाती संगणक देण्याचे कार्य करीत आहेत. या कार्याची पूर्वपीठिका श्रोत्यांपुढे मांडावी असा या भाषणाचा हेतू आहे. संगणक ही त्या इतिहासातील अलीकडची पायरी आहे. इतिहास जुना आहे, आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत उभा राहिलेला दिसतो: अक्षर घडवावयाचे ते कोणासाठी? पाहणाऱ्यासाठी, की वाचणाऱ्यासाठी?

आपल्या परंपरेत अंधाला डोळे उसने देण्याची कल्पना फार प्राचीन आहे. कुरुक्षेत्रावर काय घडत आहे ते धृतराष्ट्राला संजयाने सांगितले, आणि भगवद्‌गीता आपल्यापर्यंत आली ती त्या सांगण्यातूनच. अर्वाचीन काळात असे लखलखीत उदाहरण विदर्भातील संत गुलाबराव महाराजांचे आहे. १८८१ साली जन्मलेल्या या पुरुषाची दृष्टी अगदी तान्हेपणीच गेली. मित्रांकडून आणि शिष्यांकडून ग्रंथ वाचवून घ्यावेत, ते स्मरणात साठवावेत आणि आपले विचार सांगून लिहवून घ्यावेत, या मार्गाने त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. १९१५ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. लोकांनी त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले, आणि ती पदवी सर्वथा योग्यच होती. परंतु एकास अशी पदवी देऊन समाज मोकळा झाला. ज्यांच्यापाशी तशी अलौकिक स्मरणशक्ती नव्हती आणि वाचून दाखविणारे शिष्यही नव्हते, अशा हजारो सामान्य अंधांनी काय करावे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर प्रथम पॅरिसमध्ये शोधले गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलंटिन आउई या थोर मनाच्या गृहस्थाने तेथे अंध मुलांसाठी शाळा काढली. त्याने जाड कागदावर रोमन अक्षरे उठावाने उमटविली आणि मुलांनी ती बोटांनी चाचपून ओळखावीत अशी योजना केली. पाहणाऱ्यांना ती पुस्तके फार सुंदर वाटत. बोटांना मात्र त्या वळणांचा उलगडा होण्यास विलंब लागे, आणि अशी अक्षरे स्वतः लिहिणे तर मुलांना अशक्यच होते. आउईच्या हेतूत किंचितही खोट नव्हती. त्याची चूक एवढीच की, डोळ्यांसाठी घडलेले अक्षर त्याने तसेच उचलून बोटांच्या हाती दिले.

ती चूक सुधारली त्याच शाळेतील एका विद्यार्थ्याने. लुई ब्रेल १८०९ साली एका खोगीरकाराच्या घरी जन्मला. वयाच्या तिसऱ्या वर्षी बापाच्या कारखान्यातील आरी डोळ्यात घुसून तो अंध झाला. शार्ल बार्बिए नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने अंधारात वाचता यावी म्हणून टिंबांची एक लिपी योजिली होती. ती ब्रेलच्या हाती आली आणि १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याने तिच्यापासून सहा टिंबांची सुटसुटीत लिपी सिद्ध केली. दोन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत तीन टिंबे. त्यांच्या मांडणीतून त्रेसष्ट निरनिराळी चिन्हे होतात, आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या एकाच स्पर्शात मावते. १८२९ साली त्याने ही लिपी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी ती तत्काळ आपलीशी केली. पण शाळेच्या डोळस चालकांना ती रुचली नाही. काही काळ तर तिच्यावर बंदीच होती. पाहणाऱ्यास जी वाचता येत नाही ती लिपी कसली, असा त्यांचा भाव होता. मुले चोरून ती लिहीत राहिली. १८५२ साली ब्रेल वारला आणि १८५४ साली फ्रान्समध्ये त्याच्या लिपीस अधिकृत मान्यता मिळाली. वाचणाऱ्याने स्वतःसाठी घडविलेले अक्षर अखेर टिकले.

हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसर येथे अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. महाराष्ट्रात हे कार्य दुष्काळाच्या पोटी जन्मास आले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात निराधार झालेली मुले मुंबईस आली, त्यांत काही अंध होती. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली त्यांच्यासाठी शाळा सुरू केली. दादरची कमला मेहता अंधशाळा ही तिचीच परंपरा चालविते. त्यानंतर दोनच वर्षांनी ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली आणि तिची धुरा डॉ. नीलकंठराय छत्रपती यांच्याकडे आली. हे स्वतः अंध होते. ब्रेलच्या सहा टिंबांत आपल्या देशी भाषा बसविण्याचा उद्योग ज्यांनी आरंभी केला, त्यांत त्यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

पण येथे एक विचित्र संकट उभे राहिले. प्रत्येक शाळेने, प्रत्येक मिशनने आपापली ब्रेल लिपी तयार केली. एका लिपीत शिकलेल्या मुलास दुसऱ्या गावच्या शाळेतील पुस्तक वाचता येईना. भाषा एक, टिंबे सहाच, आणि तरीही वाचक परस्परांना परके. हा घोळ निस्तरण्यासाठी ज्यांनी परिश्रम केले त्यांत सर क्लूथा मॅकेन्झी हे प्रमुख होत. न्यूझीलंडचे हे गृहस्थ १९१५ साली गॅलिपोलीच्या रणांगणावर अंध झाले होते. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडून येथे जी संस्था निघाली तिच्याशी त्यांचा निकट संबंध होता. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९४९ साली हा प्रश्न युनेस्कोपुढे मांडला. १९५० साली पॅरिस येथे आणि १९५१ च्या आरंभी बैरूत येथे विचारविनिमय झाला, आणि त्यातून ‘भारती ब्रेल’ ही सर्व भारतीय भाषांना समान अशी लिपी सिद्ध झाली. त्याच वर्षी डेहराडून येथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय निघाले. शिक्षण मंत्रालयात त्या वेळी लाल अडवाणी हे अंध अधिकारी होते. १९४७ साली ते तेथे रुजू झाले आणि पुढे अनेक वर्षे या कार्याचा आधारस्तंभ ठरले.

भारती ब्रेलचे मर्म श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे, कारण पुढे संगणकाच्या प्रकरणात तेच पुन्हा भेटणार आहे. या लिपीत चिन्ह दिले आहे ते ध्वनीला, आकाराला नव्हे. मराठीतील ‘क’, बंगालीतील ‘क’ आणि तमिळमधील ‘क’ छापील पानावर निरनिराळे दिसतात. भारती ब्रेलमध्ये ते एकच. दुसरी गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. ‘किती’ हा शब्द लिहिताना आपण पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे काढतो, म्हणजे उच्चार मागाहून आणि खूण आधी. डोळ्यांना याची सवय झालेली असल्यामुळे त्यातील उलटेपणा आपल्याला जाणवतही नाही. भारती ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ आणि मग ‘इ’, जसा उच्चार तसा क्रम. ही लिपी कानाच्या क्रमाने चालते.

१९५२ च्या जानेवारीत मुंबईस नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली आणि अंधकल्याणाच्या कार्यास अखिल भारतीय रूप आले. ब्रेलची पुस्तके वाढू लागली. परंतु त्यांची एक अंगभूत मर्यादा होती. ब्रेलसाठी जाड कागद लागतो, अक्षरे मोठी असतात, आणि मध्यम आकाराच्या एका कादंबरीचे कित्येक बोजड खंड होतात. पाटी व टोचणी घेऊन हाताने लिहावयाचे तर कागद मागील बाजूने टोचावा लागतो. म्हणून उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरे काढावी लागतात, म्हणजे पान परतल्यावर ती सुलटी वाचता येतात. महाविद्यालयात शिकणाऱ्या अंध तरुणाला हवी ती सर्व पुस्तके या मार्गाने मिळणे केवळ अशक्य होते.

येथे स्वयंसेवक पुढे आले. अमेरिकेत १९३४ साली आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलती पुस्तके, म्हणजे तबकड्यांवर वाचून ठेवलेले ग्रंथ, अंधांच्या हाती पडू लागले होते. पुढे ध्वनिफिती आल्या आणि आपल्याकडेही हे काम सुरू झाले. सुस्पष्ट उच्चारांच्या गृहिणींनी, निवृत्त शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी दुपारचे दोन तास काढावेत, एखाद्या शांत खोलीत बसून अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ध्वनिमुद्रकासमोर वाचावे, असे हे निरलस व्रत आहे. त्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत. पदवीधर झालेल्या अंध मुलामुलींच्या एका संपूर्ण पिढीच्या यशात या अनाम आवाजांचा वाटा आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

तथापि उसने डोळे हे अखेर उसनेच. वाचून दाखविणारा जेव्हा येईल तेव्हा वाचन, तो थांबेल तेथे पूर्णविराम. त्याला जे आवडते, परवडते किंवा उच्चारता येते तेवढेच पुस्तकात उरते. आपले खासगी पत्र, बँकेचा हिशेब, वैद्याचा अहवाल हे सर्व दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. आणि गणिताचे काय? लांबलचक समीकरण कोणी वाचून दाखवू लागले की कंस कोठे उघडला आणि कोठे मिटला, याचा ऐकणाऱ्यास पत्ता लागत नाही.

हा गणिताचा प्रश्न ज्याने सोडविला तो पुण्यात वाढलेला एक तरुण होता. टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली आणि पुढे ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, पवईस, दाखल झाले. तेथे राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी स्वयंसेवक त्यांना पुस्तके वाचून दाखवीत. तेथून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९९४ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच मुळी कठीण शास्त्रीय लेखन संगणकाने आवाजात कसे मांडावे हा होता. त्यांची योजना अशी की, घातांक आला म्हणजे आवाजाची पट्टी चढावी, पादांक आला म्हणजे ती उतरावी, आणि ऐकणाऱ्याने हव्या त्या पदाशी थांबून पुन्हा मागे जावे. या प्रणालीला त्यांनी ‘अ‍ॅस्टर’ असे आपल्या मार्गदर्शक कुत्रीचे नाव दिले. पवईच्या वसतिगृहात ज्याला वाचून दाखविणाऱ्या मित्रांची वाट पाहावी लागे, त्याने दहा वर्षांच्या आत असे यंत्र रचले की कोणाचीच वाट पाहावी लागू नये. स्वयंसेवकाच्या कष्टाचे यापेक्षा सुंदर फळ कोणते असू शकेल?

संगणकाला वाचा फुटण्याचे काम तत्पूर्वीच सुरू झाले होते. १९७६ साली अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी छापील पान पाहून मोठ्याने वाचणारे यंत्र लोकांपुढे आणले. पण त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. पुढे छोटे संगणक घराघरांत आले आणि ‘स्क्रीन रीडर’, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी आज्ञावली, निर्माण झाली. तिचे कार्य समजावून घेणे कठीण नाही. पडद्यावर आपल्याला अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षर म्हणजे एक ठराविक क्रमांक असतो. आज्ञावली पडद्याकडे पाहत नाही. ती तो क्रमांक वाचते आणि त्याचा उच्चार करते. वापरणारा कळफलकावरील कळा दाबून ओळ, शब्द किंवा एकेक अक्षर पुढेमागे ऐकू शकतो.

या आज्ञावल्यांतील ‘जॉज’ ही फार प्रसिद्ध. तिचे जनक टेड हेंटर हे मोटारसायकल शर्यतीत भाग घेणारे होते. १९७८ साली अपघातात त्यांचे डोळे गेले. त्यांनी १९८९ साली ही आज्ञावली बाजारात आणली. ती उत्तम, पण महाग होती. अमेरिकेत तिची किंमत सुमारे हजार डॉलर होती. आपल्याकडील किती अंध विद्यार्थ्यांना ती परवडावी? २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ नावाची विनामूल्य आज्ञावली लिहिण्यास प्रारंभ केला, आणि जेम्स तेह हा त्याचा तसाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला. डोळसांना संगणकाचा पडदा फुकट पाहता येतो, मग अंधांनीच तो ऐकण्यासाठी वेगळे पैसे का मोजावेत, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. जगभरच्या स्वयंसेवकांनी ती आज्ञावली आपापल्या भाषांत नेली. तिच्यासोबत मिळणारा ‘ईस्पीक’ हा आवाज मराठीही बोलतो. उच्चार काहीसा यांत्रिक आहे खरा. पण सरावलेले कान त्याला इतक्या वेगाने बोलावयास लावतात की शेजारी बसलेल्या डोळस माणसास एक शब्दही कळू नये.

यंत्र आहे आणि आज्ञावलीही आहे, पण ती शिकविणार कोण? येथे पुन्हा संस्था आणि स्वयंसेवक यांचे कार्य येते. माझे वास्तव्य दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात असते. झाशीच्या राणीच्या नावाची ही सरकारी वसाहत. तेथून फार दूर नाही अशा रामकृष्णपुरम येथे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची दिल्ली शाखा अंध मुलामुलींना संगणक शिकविते. २००३ साली दीपेंद्र मनोचा आणि रुम्मी सेठ यांनी दिल्लीत ‘सक्षम’ हा न्यास स्थापन केला. मनोचा स्वतः दृष्टिहीन आहेत. पुस्तके अंधांना वाचता येतील अशा संगणकीय रूपात आणणे, हे त्या न्यासाच्या कार्याचे एक प्रमुख अंग. त्याच वर्षी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात डॉ. सॅम तारापोरवाला यांच्या नेतृत्वाखाली दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र निघाले. तेही स्वतः दृष्टिहीन. पैसे देणारे बोलके यंत्र बँकेत असावे, हा आग्रह त्या केंद्राने धरला आणि २०१२ साली अहमदाबादेस युनियन बँकेने देशातील असे पहिले यंत्र बसविले. २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे जाळ्यावरील ग्रंथालय सुरू झाले आणि निरनिराळ्या संस्थांत विखुरलेली पुस्तके एका ठिकाणी आली.

येथवर सर्व सुरळीत झाले असे वाटेल. परंतु मराठी वाचकासमोर एक अडथळा उरलाच होता, आणि तो फार शिकविणारा आहे. १९९० नंतर आपल्याकडे मराठी मजकूर संगणकावर जुळविला जाऊ लागला तो बहुधा निरनिराळ्या खासगी टंकांतून. हे टंक म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढविलेले मराठी मुखवटे होते. पडद्यावर सुरेख ‘क’ दिसे, पण संगणकाच्या पोटात एखाद्या रोमन अक्षराचा क्रमांक असे. पाहणाऱ्याची काहीच तक्रार नव्हती. वृत्तपत्रे निघत, पुस्तके छापली जात. स्क्रीन रीडरने मात्र हा मजकूर वाचावयास घेतला की अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा पाऊस पडे. शिवाय टंकलेखन यंत्राच्या चालीप्रमाणे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी बसविलेली असे. आउईच्या उठावदार अक्षरांची जी कथा तीच ही. दोनशे वर्षांनंतर, मराठीत, आणि नकळत आपण पुन्हा फक्त डोळ्यांसाठी अक्षर घडविले.

यावर तोड नव्हती असे नाही. भारतीय लिप्यांसाठी ध्वनीवर आधारलेली एकच समान क्रमांकपद्धती असावी, हा विचार आपल्याकडे परिपक्व झाला होता, आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा त्या कार्यात मोठा भाग होता. १९९१ साली ‘इस्की’ या नावाने ती पद्धती राष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि ‘युनिकोड’ या जागतिक पद्धतीतील देवनागरीची मांडणी तिच्याच धर्तीवर केली गेली. या मांडणीत ‘कि’ म्हणजे आधी ‘क’ आणि मग वेलांटी. पडद्यावर ती कोठेही दिसो. भारती ब्रेलने १९५१ साली टिंबांत जे तत्त्व घातले होते, तेच येथे क्रमांकांत आले. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी पान मुंबईतील अंध विद्यार्थी ऐकू शकतो, ब्रेल छपाईयंत्र ते टिंबांत उतरवू शकते, आणि डोळस वाचक ते पाहू शकतो. मजकूर एकच आणि वाट ज्याची त्याची.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. संगणक बोलू लागला म्हणून ब्रेलची गरज संपली, असे काही लोक म्हणू लागले आहेत. ते बरोबर नव्हे. केवळ ऐकून भाषा शिकणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कोठे, जोडाक्षर कोणते, परिच्छेद कोठे संपतो, हे कसे कळावे? साक्षर होण्यासाठी अक्षराला स्पर्श झाला पाहिजे. १५ फेब्रुवारी २००८ पासून स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक चालविले ते याच जाणिवेने. कान आणि बोट ही परस्परांची पूरक इंद्रिये आहेत. एकाने दुसऱ्यास हुसकावून लावू नये.

कायद्याची वाटचालही सावकाश का होईना, याच दिशेने झाली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, योग्य ठरविलेल्या पदांसाठी अंध उमेदवारांना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसू द्यावे, आणि त्यांनी उत्तरे ब्रेलमध्ये वा लेखनिकाच्या साहाय्याने लिहावीत. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा यांनी हा हक्क विस्तारला. पूर्वी पुस्तकाचे वाचनीय रूप तयार करावयाचे तर स्वामित्वहक्काचा प्रश्न आड येई. २०१२ च्या दुरुस्तीने ती वाट मोकळी केली. २०१३ साली मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत ठरला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे पाऊल टाकले: संगणकीय सेवा सर्वांना वापरता येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय, असे त्याने म्हटले.

या सर्व धाग्यांचा गोफ एका व्यक्तीच्या जीवनात विणलेला दिसतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दुष्काळातील अनाथ मुलांसाठी निघालेल्या ज्या शाळेचा मी उल्लेख केला, त्याच दादरच्या शाळेत त्या शिकल्या. पुढे सेंट झेवियर्स आणि नंतर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. पुस्तके संगणकाकडून वाचवून घेऊन त्यांनी अभ्यास केला. २०१६ साली त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या आणि त्यांना रेल्वेची लेखासेवा मिळाली. परंतु दृष्टी नाही म्हणून त्यांना तेथे घेतले गेले नाही. त्या पुन्हा परीक्षेस बसल्या आणि १२४ वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. २०१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे घेतली. गुलाबराव महाराजांना समाजाने पदवी दिली होती. प्रांजल पाटील यांनी पद मिळविले, आणि ते उसन्या डोळ्यांनी नव्हे.

आता उरलेल्या कामाविषयी दोन शब्द. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख आहे. त्यांपैकी प्रत्येकास प्रांजल पाटील यांच्यासारखी संधी मिळावयाची असेल, तर केवळ संगणक वाटून ते साधणार नाही. सरकारी कचेऱ्यांत माझे आयुष्य गेले आहे. म्हणून तेथलेच उदाहरण देतो. एखादा आदेश संगणकावर युनिकोडमध्ये व्यवस्थित लिहिला जातो. मग तो कागदावर छापतात. साहेब त्यावर स्वाक्षरी करतात. नंतर त्या कागदाचे यंत्राने चित्र काढतात, आणि ते चित्र सर्वत्र धाडतात. आरंभी जे अक्षर होते ते अखेरीस चित्र झाले. आपल्या डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. परंतु ज्या अंध शिक्षकाची बदली त्या आदेशात आहे, त्याच्या संगणकाला तेथे एक कोरा आयत भेटतो. त्याला पुन्हा शेजाऱ्यास हाक मारून विचारावे लागते, ‘जरा वाचून दाखवता का?’

चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या आज आहेत आणि त्या दिवसेंदिवस सुधारत आहेत. पण आधी अक्षर पुसावयाचे आणि मग ते शोधण्यासाठी यंत्र राबवावयाचे, यात शहाणपणा कोणता? शासकीय संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी केंद्र सरकारने २००९ पासून मार्गदर्शक नियम केले आहेत. त्यांचे पालन करण्यासाठी मोठा निधी लागत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवावा, मथळ्याला मथळ्याची खूण द्यावी, चित्राखाली त्याचे चार शब्दांत वर्णन लिहावे, एवढ्याने पुष्कळ काम होते. लिहिणाऱ्या प्रत्येक कारकुनाने, शिक्षकाने, संपादकाने आणि अधिकाऱ्याने ही सवय लावून घेतली, तर स्वयंसेवकांचे निम्मे श्रम वाचतील.

स्वयंसेवेचे खरे मोजमाप काय असावे, याचाही विचार या इतिहासातून सुचतो. किती वर्षे आपण वाचून दाखविले, यावरून ते ठरत नाही. ज्याला वाचून दाखविले त्याला आता आपली गरज उरली नाही, या घटकेवरून ते ठरते. मिलार्डबाईंची शाळा, नीलकंठराय यांची लिपी, दुपारच्या शांत खोलीतील ते अनाम आवाज, पवईचे विद्यार्थी, दिल्ली-मुंबईतील संगणकशिक्षक, या सर्वांचे श्रम एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या त्या शाळेत मुले डोळसांच्या बंदीला न जुमानता सहा टिंबांत पत्रे लिहीत होती. त्यांना कोणाची दया नको होती. आपले पत्र आपणच वाचावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ते मागणे पुरविण्याची साधने आज आपल्या हातांत आहेत. प्रत्येक अक्षर लिहिताना ते केवळ पाहणाऱ्यासाठी नाही, वाचणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, एवढे स्मरण मात्र आपण ठेवावयास हवे.